सगळ्याची कॉपी

नवरा गेल्यावर त्याच्या जागी मला नोकरी मिळाली, आणि त्या नोकरीत पहिल्या दिवसापासून रोज दुपारी मला त्याचा आवाज ऐकावा लागला. हे सांगितलं की लोकांच्या अंगावर काटा येतो. माझ्या येत नव्हता. त्या दिवसांत कोणी मला टाचणी टोचली असती तरी मी आधी टाचणी कुणाची म्हणून विचारलं असतं.

फौंड्री कोल्हापूरच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीत. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे लोखंडी भाग तिथे ओतायचे. मालकांना सगळे आण्णा म्हणत. कपाळावर विभूतीचे पट्टे, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. माझा नवरा तिथे कॉम्प्युटर बघायचा. नव्वदच्या दशकात एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली होती, ती त्याने काचेच्या केबिनमधल्या एका जुन्या मशीनवर चढवली. फुकट मिळालेलं काय चालणार, असं आण्णांचं मत होतं. ते जे चालू झालं ते, वीज गेली तरी इन्व्हर्टरवर, बंद म्हणून पडलं नाही. हळूहळू साच्यांची सगळी ड्रॉइंगं, कामगारांची हजेरी, बाहेरगावची ईमेलं, सगळं त्या एका मशीनवर जाऊन बसलं. नवरा त्याला सर्व्हर म्हणायचा. बाकीचे त्याला 'साहेबांचं मशीन' म्हणायचे.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा जळाला. दुरुस्तीला दिला तो येईना, आणि घड्याळ बघून जेवायला जाणं हे आमच्या फौंड्रीतल्या लोकांना कमीपणाचं वाटायचं. नवऱ्याने मशीनला एक कर्णा जोडला आणि स्वतःच्या आवाजात एक वाक्य भरून ठेवलं. रोज ठरल्या वेळी मशीन आपणहून ते वाक्य वाजवायचं आणि भट्टीच्या आवाजावर चढून ते अख्ख्या शेडमध्ये घुमायचं: "हात धुवा, चला. भाकरी गार हुतीया."

भोंगा दुरुस्त होऊन आला तेव्हा कामगारांनीच नको म्हणून सांगितलं. भोंगा नुसता बोंबलतो, साहेब निदान बोलवतात तरी, असं त्यांचं म्हणणं. भोंगा स्टोअरमध्ये गेला.

उन्हाळ्यात नवऱ्याला ताप आला. साधा ताप म्हणून अंगावर काढला, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. दिवसकार्य झालं, पाहुणे आपापल्या गावाला गेले. आण्णा घरी आले आणि सासूबाईंसमोर बसून मला म्हणाले, "अक्का, तुम्ही कॉम्प्युटर शिकवता न्हवं क्लासमध्ये? मग त्याच्या खुर्चीवर तुम्हीच बसा. दुसरं कोण बसलेलं मला बघवायचं न्हाई." मी हो म्हटलं. मी शिकवत होते ते पत्र टाइप करायला आणि बेरजा मांडायला. लिनक्सशी माझी ओळख नवऱ्याच्या तोंडून जेवढी झाली तेवढीच. पण तेव्हा मला कोणी विमान चालवायला सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, कारण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं.

उठता उठता आण्णांनी विचारलं, "ते दुपारचं बोलणं बंद करून टाकायचं का? तुम्ही म्हणशीला तसं." मी म्हटलं, राहू दे. यात माझं प्रेम दिसलं असं नंतर बऱ्याच जणांनी मला ऐकवलं. खरं सांगायचं तर मला ठरवायचा कंटाळा आला होता. चालू आहे तर चालू दे, एवढाच माझा त्या काळातला विचार.

ऐकण्याची मी एक रीत लावून घेतली होती. सुट्टीची वेळ जवळ आली की मी केबिनमागच्या नळावर जायचे, नळ मोठा सोडायचे आणि आधीच धुतलेला चमचा पुन्हा धुवायला घ्यायचे. येणार आहे हे माहीत असलं की माणसाला दगड होता येतं. आवाज यायचा, जायचा, मी नळ बंद करायचे. शेडमधून बाहेर पडणारे लोक मात्र जाताना माझ्याकडे बघत जायचे, कोणी सरळ, कोणी चोरून. मला त्याचा राग यायचा. काय बघायचंय, बाई रडते का ते? जावा की गुमान जेवायला. एवढा एक राग सोडला तर बाकी आत सगळं सामसूम होतं. भूक लागायची नाही, पण वेळ झाली की जेवायचे. झोप लागायची, आणि ती लागते याची मला लाज वाटायची.

पाऊस संपता संपता मशीनमधून बारीक आवाज यायला लागला. कानाशी डास असावा तसा, थांबून थांबून. मी नवऱ्याच्या मित्राला फोन लावला. दोघं कॉलेजात बरोबर होते, आणि मित्र जयसिंगपूरला कॉम्प्युटर क्लास चालवायचा. मी रिसीव्हर मशीनला लावून त्याला तो आवाज ऐकवला. त्याने तो पुन्हा एकदा ऐकवायला लावला.

"वैनी, मशीन कधी बंद केलतं शेवटचं?"

"माझ्या माहितीत नाही."

"मग करू पण नका. डिस्क म्हातारी झालीया. फिरतीया तोवर फिरंल. एकदा का थांबली तर परत उठंल का न्हाई सांगता येत न्हाई."

मग त्याने विचारलं, त्यात महत्त्वाचं काय काय आहे आणि ते कुठे ठेवलंय. ड्रॉइंगं कुठे आहेत ते मला साधारण माहीत होतं. हजेरी कुठे ते अर्धवट. बाकी त्याने काय कुठल्या कोपऱ्यात ठेवलं होतं, देव जाणे. फायलींना नावं द्यायची त्याची तऱ्हा म्हणजे त्या वेळी डोक्यात जे असेल ते. पंपाच्या ड्रॉइंगला त्याने 'फोडणी' हे नाव दिलेलं मी बघितलं आहे. आणि ते दुपारचं वाक्य कुठून वाजतं हे मला मुळीच माहीत नव्हतं. आज ते शोधून काढणं मला पाच मिनिटांचं काम आहे. तेव्हा नव्हतं.

"आवाज," मी म्हटलं. "त्याचा आवाज आहे त्यात."

ही एकच वस्तू अशी होती की ती त्या डिस्कवर होती आणि जगात दुसरीकडे कुठे नव्हती. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत तो आहे, पण बोलत नाही, नुसता घामाघूम होऊन हसतो, आणि मागे बँड वाजतो.

"मग निवडत बसू नका," मित्र म्हणाला. "काय कुठं हाय ते माहीत नसंल तर सगळीच्या सगळी डिस्क उचलायची. नवी आणा, मी फोनवर सांगतो."

त्याच्या क्लासच्या परीक्षा चालू होत्या, त्यामुळे तो येऊ शकत नव्हता. काम खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काढलं. त्या दिवशी भट्टी विझवलेली असते, आणि शेडमध्ये धुण्यापुसण्याशिवाय काही चालत नाही. दुपारची हाक होऊन गेली, मी चमचा धुतला, आणि मग फोनची लांब वायर ओढून केबिनमध्ये खुर्ची घेऊन बसले. हिशेबाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात नवी डिस्क बसवली होती. दोन्ही मशीनच्या मधे एक वायर. जुन्यातलं सगळं त्या वायरीतून नव्या डिस्कवर उतरायचं होतं, तेही जुनं बंद न करता.

सर्व्हरचा स्क्रीन नवरा जसा सोडून गेला होता तसाच होता. लॉगिन केलेला. तो कधी बाहेर पडायचाच नाही त्यातून, आणि पासवर्ड त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हता. मित्र म्हणाला, वरच्या बाणाचं बटण दाबा, आधी काय काय टाइप केलंय ते येतं, त्यात नेटवर्कची एक ओळ असेल ती वाचून दाखवा. मी बाण दाबला. नवऱ्याने शेवटी टाइप केलेली ओळ आली. पुन्हा दाबला, त्याच्या आधीची. एकेक करत मी मागे गेले. प्रिंटर चालू करणे. तारीख बघणे. प्रिंटर पुन्हा चालू करणे. एका ठिकाणी घाईत अक्षरं उलटी पडलेली, आणि पुढच्याच ओळीत तेच नीट लिहिलेलं. मित्राने विचारलं, मिळाली का ओळ? मी म्हटलं, बघते. ओळ केव्हाच मिळाली होती. मी तशीच आणखी मागे गेले. त्यात माझ्यासाठी काही नव्हतं, आणि का असावं? माणूस ऑफिसात प्रिंटरशीच बोलणार.

मग मित्राने मुख्य ओळ सांगितली. एकेक अक्षर सांगायचा आणि मी ते परत म्हणून दाखवायचे.

"आता ध्यान देऊन ऐका. आधी कुठून, मग कुठं. हे उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरंल. ही ओळ इचारत न्हाई, खरंच करू का म्हणून. सांगितलं की करती."

मी वाचून दाखवलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं. मग तो म्हणाला, मारा. मी एंटर मारलं.

काही झालं नाही. म्हणजे होत होतं, पण दिसत काही नव्हतं. स्क्रीनवर एक चौकोनी ठिपका लुकलुकत होता आणि मशीनचा लाल दिवा जळत होता. मित्र म्हणाला, असंच असतं, संपेपर्यंत ते तोंड उघडत नाही. आणि वेळ लागेल, कारण ते भरलेली जागा आणि रिकामी जागा असा भेद करत नाही. पुसून टाकलेलंसुद्धा उचलतं. त्याच्या लेखी सगळं सारखं.

फोन ठेवून मी बसून राहिले. बाहेर लोक पाइप लावून शेड धूत होते. घमेली आपटत होती. कोणीतरी मोल्डिंगच्या मशीनला डिझेलने पुसत होतं, त्याचा वास येत होता. मला घरी काय झालं होतं ते आठवलं. दिवसकार्यानंतर सासूबाईंनी आणि नणंदेने कपाट उपसलं होतं. चांगले शर्ट धाकट्या दिरांना, घड्याळ भाच्याला, जुने कपडे गडहिंग्लजकडच्या नातेवाइकांबरोबर कोणा गरजूला. त्याची फाटकी बनियन फरशी पुसायला निघाली. सगळं रीतीनेच चाललं होतं. मला प्रत्येक गोष्ट दाखवून विचारत होत्या, आणि मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते. या मशीनसमोर मला कोणी काही विचारत नव्हतं. चांगलं, वाईट, पुसलेलं, सगळं चाललं होतं वायरीतून. मला बरं वाटलं, असं मी म्हणणार होते, पण बरं वाटलं नाही. बसायला एक कारण मिळालं, एवढंच.

उन्हं शेडच्या पत्र्यावरून उतरली तेव्हा स्क्रीनवर ओळी उमटल्या. इतकं घेतलं, इतकं दिलं, आणि दोन्ही आकडे सारखे. मी नवी डिस्क काढली, तिच्या पिशवीत घातली, ती पिशवी माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवली आणि बसने घरी आले. घरी ती पिठाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवली, ओल नसते तिथे.

"काय हाय गं त्ये?" सासूबाईंनी विचारलं. मी त्यांना आत्या म्हणते.

"कॉपी आहे, आत्या."

"कशाची?"

"सगळ्याची."

त्या डिस्ककडे बघत राहिल्या. मग पीठ सांडू नये म्हणून डबा जरा बाजूला सरकवला आणि भाकऱ्या थापायला बसल्या.

खंडेनवमीला फौंड्रीत सगळ्या यंत्रांची पूजा असते. हातोड्यापासून वजनकाट्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. त्या दिवशी कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही, त्यांनाही वर्षातून एक दिवस विसावा. मला कोणी या म्हटलं नव्हतं, येऊ नका असंही म्हटलं नव्हतं. घरात वर्षभर सण नव्हता, आणि माझ्यासारखीने हळदकुंकवाच्या ताटापाशी उभं राहिलं की सगळ्यांची पंचाईत होते, हे मला त्या काही महिन्यांत चांगलंच कळलं होतं. मी घरी राहिले. दसराही तसाच गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर मेस्त्री माझी वाट बघत उभे. साच्याचं काम त्यांच्याकडे, आण्णांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे माणूस. तोंड उतरलेलं.

"वैनी, मशीन चालू होईना."

"बंद कसं झालं?"

मेस्त्रींनी टोपी काढून हातात घेतली. "मीच केलं वो. साहेब दर साली पूजेला निस्ता मशीनवरचा टीव्ही बंद करायचे आन म्हणायचे, झालं बंद. मला तवाच दिसायचं की खाली दिवा जळतोय. पर साहेबास्नी कोण सांगणार? औंदा म्हटलं, साहेब न्हाईत, निदान त्येंचं यंत्र तरी रीतीनं पुजूया. दुपारची आरती सुरू व्हायच्या आदी मी पिन काढली."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. सगळ्या फौंड्रीत एकट्या माझ्या नवऱ्यानेच देवाला फसवलं होतं, तेही दर वर्षी, आरतीला टाळ्या वाजवत.

मी मेस्त्रींना असू दे म्हटलं. मशीनच्या कपाळावर कुंकू होतं आणि वर सुकलेली झेंडूची माळ. मी पिन लावली, बटण दाबलं. पंखा फिरला. डिस्क टक् वाजली, पुन्हा टक् वाजली आणि गप्प झाली. चार वेळा करून बघितलं. आण्णा दारात येऊन उभे राहिले आणि कानडीत काहीतरी पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांसमोर ड्रॉइंगं होती. माझ्या डोळ्यांसमोर काय होतं? काही नव्हतं. मला वाईट वाटलं नाही, आणि वाटत नाही याचंच जरा नवल वाटलं.

नवी डिस्क मी ऑफिसच्या कपाटात ठेवायला म्हणून त्याच दिवशी घरून पिशवीतून आणली होती. जुनी काढली, तिच्या जागी नवी बसवली, वायर लावली, बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. मी कधीच न बघितलेल्या ओळी, कारण ते मशीन सुरू होताना मी कधी बघितलंच नव्हतं. शेवटी त्याने नाव आणि पासवर्ड विचारला आणि थांबलं. पासवर्ड माझ्याकडे नव्हता, पण तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं की ड्रॉइंगं उघडायला लागली. आण्णांनी हात जोडले, मला की मशीनला ते कळलं नाही, आणि ते निघून गेले. मित्राला फोन केला. तो म्हणाला, पासवर्डवर उपाय आहे, रविवारी येतो. मशीनच्या आतली बारकी बॅटरी मेली असेल, घड्याळ बघा, असंही म्हणाला. घड्याळ बघायला तरी पासवर्ड हवा, असं म्हणून मी फोन ठेवला.

बाहेर कामाला नुकती सुरुवात झाली होती. भट्टी अजून पेटायची होती. मशीनचं झाकण लावायचं राहिलं होतं आणि त्याचा एक स्क्रू घरंगळून टेबलाखाली गेला होता. मी वाकून आत शिरले. सकाळची वेळ, नळ लांब, मनात स्क्रूशिवाय काही नाही. मेस्त्रींनी पिन काढली तेव्हा मशीनचं घड्याळ थांबलं होतं, आणि पिन लावल्यावर ते तिथूनच पुढे निघालं होतं, जसं मधे काही घडलंच नाही. त्याची खंडेनवमीची दुपार होत आली होती.

"हात धुवा, चला. भाकरी गार हुतीया."

"आले की!" मी टेबलाखालून ओरडले.

तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं. सुट्टीच्या दिवशी आमच्या घरी हेच चालायचं. तो पाटावर बसून हाक मारायचा, मी ओट्यापाशी काहीतरी पुसत 'आले की' म्हणायचे आणि जायचे नाही. मग तो पुन्हा हाक मारायचा, जरा चिडून, आणि तेव्हा मी जायचे. मी ताटावर बसल्याशिवाय तो भाकरी मोडायचा नाही.

मी स्क्रू मुठीत धरून तशीच टेबलाखाली थांबले. दुसऱ्या हाकेची वाट बघत. मला वाटतं, मी खरोखरच वाट बघत होते. शेडमध्ये सगळं शांत झालं होतं, कोणी फावडंसुद्धा हलवत नव्हतं. दुसरी हाक आली नाही.

बाहेर कोणीतरी म्हणालं, "आत्ता? आत्ता तर आलोय की."

"बसा म्हटलंय न्हवं साहेबांनी," मेस्त्रींचा आवाज आला. "मग बसा. सोडा डबं."

नळाचा आवाज आला, डब्यांची झाकणं वाजली. दिवस नुकता वर येत होता तेव्हा आमची फौंड्री जेवायला बसली, आणि मी टेबलाखाली बसून रडले, तो गेल्यापासून पहिल्यांदा.